धुक्यातली धावपट्टी

"समोरच्या बिल्डिंगमध्ये चारुदत्त राहायचा, आठवतो?" विली अंकलनी बाल्कनीतला दिवा मालवला. त्यांची नातवंडं, ॲरॉन आणि शेनॉन, जवळ सरकली. "माझ्याच ऑफिसात होता. त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. जानेवारीतला दुसरा रविवार होता तो."

त्या दुपारी चारुदत्त, मंजुषा आणि त्यांची मुलगी आभा खाडीकाठच्या वाळवंटी रानात फिरायला गेली होती. सगळ्यांना खुलं असलेलं रान ते. खाडीत फ्लेमिंगो, झुडपांत कोल्हे आणि मधोमध महायुद्धाच्या काळातली विमानांची धावपट्टी. ती जपायची म्हणून चहूबाजूंनी मोठे दगड रोवलेले. गाडी आत जाऊच शकत नाही.

घरी आल्यावर कळलं, आभाचा चष्मा पक्षी बघायच्या झोपडीतच राहिला. सकाळी शाळा होती.

"यल्ला, चल, पटकन घेऊन येऊ," चारुदत्त म्हणाला.

"आय नो वेअर इट इज, बाबा." आभाही निघाली.

पोचेपर्यंत मगरिबची, सूर्यास्ताची अजान होऊन गेली होती. दगडांपाशी गाडी लावून दोघं चालत आत गेली. चष्मा बाकावरच होता. परत फिरली तेव्हा समुद्रावरून धुकं आलं. थंडीत तिकडे येतंच. पण हे इतकं दाट, की मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पायापर्यंतही पोचेना.

"आभा, हात सोडू नकोस."

"ओके."

फोन निसटून खाली पडला. तो उचलायला त्याने तिचा हात सोडला. तेवढंच.

पुन्हा हात पुढे केला, तर आभा नव्हती.

त्याने हाका मारल्या. घसा बसला. धुक्यातून काहीच नाही... मग वरून आवाज आला. इंजिनाचा. जुनं, खोकत चालणारं इंजिन. रानावर घिरट्या घालत होतं. प्रत्येक फेरीला आणखी खाली.

समोर पिवळा उजेड दिसला. तो धावला.

धावपट्टीवर आभा उभी होती. दोन्ही हातांनी डोक्यावर कंदील धरलेला.

"आभा, चल."

"वेट, बाबा. अंकल सेड डोन्ट मूव्ह. दे हॅव टु लँड."

"कोण अंकल?"

तिने शेजारी, वर पाहिलं. चारुदत्तनेही पाहिलं.

तिथे धुकं होतं. नुसतं धुकं...

इंजिनाचा आवाज आता समोरून आला. जमिनीलगत. त्याने तिला खेचलं. ती हलेना. दहा वर्षांची पोर, जागची हलेना. त्याने तिला मिठीत झाकून घेतलं. डोळे मिटले. वारा आला. वाळू तोंडावर आली. आणि...

सगळं थांबलं.

कंदील नव्हता. तिचे हात रिकामे होते. अगदी कानाशी कुणीतरी, दमलेल्या आवाजात म्हणालं, "शाबाश, बेटी. सब आ गए."

तिला उचलून तो गाडीपर्यंत कसा आला, हे त्याला कधीच सांगता आलं नाही.

सकाळी ऑफिसला जाण्याआधी तो विली अंकलना तिथे घेऊन गेला. भास झाला असेल, असं कुणीतरी म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. धुकं गेलं होतं. दगड जागच्या जागी होते.

"मी स्वतः पाहिलं," विली अंकल नातवंडांना हळूच म्हणाले.

धावपट्टीवरच्या वाळूत दोन रुंद चाकांचे माग होते. त्यांच्यामध्ये तिसरा, बारीक, विमानाच्या शेपटाकडच्या चाकाचा. माग दगडांकडून आले नव्हते. पट्टीच्या मध्यावर, कोऱ्या वाळूत, एकदम सुरू झाले होते. सरळ पुढे गेले होते. आणि जिथे थांबले होते, तिथून वीतभर अंतरावर छोट्या बुटांचे दोन ठसे होते.

चाकं मागे वळल्याची खूण कुठेच नव्हती.