धक्क्यावरचे साहेब

धुक्यात मेकाँग नदीचा पैलतीर दिसत नव्हता. मणिचन नावेतून उतरली आणि धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर तिला एल्डन साहेब दिसले. अंगात पांढरा सदरा, पाय थेट पाण्यात.

"अगंबाई! एवढ्या थंडीत? कुणाची वाट बघताय?"

ते नुसते हसले. पण असे हसले की मणिचनच्या कानाच्या पाळ्याच तापल्या. ती पळत सुटली ती थेट अमेरिकन कचेरीत. बघते तर काय — साहेब टेबलापाशी, कोरडे ठणठणीत!

"तुम्ही… आत्ता धक्क्यावर होतात ना?"

"मी? मी सहापासून इथं तारा वाचतोय." त्यांनी डोळे मिचकावले. "काय गं, आता जागेपणीही मीच दिसायला लागलो का?"

"तोंड बघा आरशात!" ती फणकारली. जाता जाता टेबलाखाली डोकावून त्यांचे पाय मात्र तिनं बघून घेतले.

एल्डनची नोकरीतली अकरा वर्षं अशीच गेली होती. रंगून, तैपेई, सायगॉन… तार आली की दोन पेट्या भरायच्या आणि निघायचं. लाओसच्या या लुआंग प्राबांगला तीन वर्षं झाली. मणिचन त्यांची दुभाषी. आता काठमांडूच्या बदलीचा हुकूम आला होता, गुरुवारी दुपारचं विमान. दोघांच्या मनात काय आहे ते सगळ्या आळीला ठाऊक होतं. बोलत नव्हते ते हे दोघेच.

रविवारी आळीनं साहेबांच्या मनगटावर निरोपाचे पांढरे दोरे बांधले होते. माणसाला बत्तीस प्राण असतात, अशी इथली समजूत. प्रवासाच्या वेळी एखादा मागे रेंगाळतो, म्हणून हे बंधन. तीन दिवसांनी गाठ सोडायची, कात्री लावायची नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि या शहाण्यानं सोमवारीच, वॉशिंग्टनचे बडे साहेब येणार म्हणून, कात्रीनं कचाकच कापले!

"मग काय होणार दुसरं!" मणिचननं सांगितलेलं ऐकून दोरे बांधणाऱ्या खामफेंग मावशीनं कपाळावर हात मारला. "प्राण धक्क्यावर बसलाय त्याचा. तू हाक मार, तुझंच ऐकेल. नाहीतर विमानात चढेल ते नुसतं सालपट."

पण मणिचननं हाक मारली नाही. का मारावी? टेबलावरचा गुरुवारी जाणार होता. पायरीवरचा कुठे जात होता? रोज तिच्याकडे बघून हसेल, तेवढं पुरे. अशी ती लबाड झाली — प्रेमात होतं माणूस असं.

बुधवारी ती चहा घेऊन गेली. साहेबांनी मान वर केली. डोळे रिकामे.

"आपण… कोण?"

कप तिच्या हातातून निसटला. माझाच स्वार्थ ह्याला खातोय!

गुरुवारी पहाटे तिनं त्यांना हाताला धरून धक्क्यावर नेलं. पायरीवर तो दुसरा बसलाच होता.

"ये रे, घरी ये," ती म्हणाली. त्यानं मान हलवली. नाही.

"ये ना…" पुन्हा नाही. त्याला जायचंच नव्हतं! तिला रडू फुटलं. "ये रे! तू नसलास तर तो मला विसरेल. माझ्यासाठी ये."

तो उठला. पाणी हललं नाही, पायरी भिजली नाही. पायरी रिकामी झाली, आणि शेजारी एल्डननं बुडता बुडता वर आल्यासारखा श्वास घेतला.

"मणिचन!"

"आठवलं नाव? उपकार झाले."

"ते दोरे… मी चुकून नव्हते कापले गं. मावशीनं सगळं सांगितलं होतं. कुठल्याच गावात माझं काही मागे राहिलं नाही. वाटलं, इथं तरी राहावं. तुझ्याजवळ."

"वेडाच आहेस!" साहेबांना तिनं पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. "मला तुकडा नकोय तुझा. अख्खा जा… आणि जमलं तर अख्खा ये." मग त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसून ती मनसोक्त रडली.

दुपारी विमान गेलं.

शुक्रवारी तिला भाताची चव लागेना. बाजारात विमानतळावरचे हमाल बुन्थान काका भेटले आणि तिला बघून दोन पावलं मागेच सरले.

"अगं पोरी… तू इथं कशी? काल पेट्या चढवताना मी बघितलं ना तुला. साहेबांच्या शेजारी, खिडकीपाशी बसली होतीस. हात हलवलास की मला!"

 मणिचन गाल लाल होईपर्यंत हसली.

"काका," ती हळूच म्हणाली, "मावशीला सांगू नका हं. ती हाक मारेल."