चोवीस अक्षरांत न मावलेला बाप

माझ्या पुतणीचं, मीनाबाईचं लग्न झालं ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. तिचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ हणमंत, मांडवात लेझीम खेळला होता. म्हणून साल पक्कं ध्यानात आहे. पुढच्या पंधरा दिवसांत जे घडलं, त्यात मी पदरचं काही घालत नाही.

हणमंतचा मुलगा त्रिंबक सोलापूरच्या एका कापड गिरणीत कॉम्प्युटर खात्यात होता. प्रत्येक कामगाराचं नाव भोकं पाडून एका कार्डावर घ्यायचं. मशीन कार्डांचा गठ्ठा वाचायचं आणि यादी छापायचं.

त्या मंगळवारी मशीन मध्येच थांबलं.

कागदावर एवढंच आलं... लांबी जास्त.

कार्ड होतं निंगप्पा चन्नबसप्पा बिराजदारचं. प्रोग्राममध्ये नावाला इंग्रजी चोवीस अक्षरांची जागा. हे भरलं एकतीस. जागा वाढवायची तर सगळा प्रोग्राम उसवायचा, अख्खी रात्र जायची. साहेब डोक्यावर उभे.

"चारपर्यंत यादी नाही, तर उद्यापासून तू नाहीस."

त्रिंबकनं मधलं नाव उडवलं. यादी निघाली.

बुधवारी निंगप्पा कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात, त्रिंबकसमोर.

"माझ्या आप्पाचं नाव कुटं गेलं?"

"मशीनमदी मावत न्हाय तुझा बाप."

"ह्याच गिरणीत मागाच्या पट्ट्यात घावून मेला की वो त्यो. अंगाचे तुकडे झाले, आता नावाचे बी?"

"जा, कामाला लाग. लई बापाचा लाडका आलाय."

निंगप्पा चिडला नाही.

"आप्पाला जागा लागती, साहेब. माझ्यातली काढलीसा. आता त्यो दुसऱ्याची घेतो."

गुरुवारी जेवणाची सुट्टी झाली. माग थांबले. खोलीत त्रिंबक एकटा.

आणि कार्डाला भोकं पाडायचं यंत्र वाजलं...

खट्.

यंत्रापुढची खुर्ची रिकामी होती.

खट्... खट्...

त्यानं मोजलं. तेरा ठोके. इंग्रजीत चन्नबसप्पा तेरा अक्षरांचा.

मग वास आला... पट्ट्याला लावतात त्या तेलाचा.

त्यानं यंत्राची वायर उपटली. घाईघाईनं गठ्ठा मशीनला लावला. निंगप्पाचं कार्ड सुरळीत गेलं. त्याचा जीव भांड्यात पडला.

पन्नासएक कार्डं गेली आणि मशीन थांबलं.

लांबी जास्त.

ते कार्ड त्याचं स्वतःचं होतं. त्रिंबक हणमंत लोंढे. अक्षरं बावीस. रोज बिनबोभाट जाणारं.

त्यानं कार्ड खिडकीच्या उजेडाला धरलं.

त्रिंबक... चन्नबसप्पा... लोंढे.

हणमंत कुठंच नव्हता.

घड्याळात बारा चाळीस झाले होते.

त्या रात्री न झोपता त्यानं जागा चाळीस अक्षरांची केली. निंगप्पाचं नाव बापासकट घातलं. पण तोवर उशीर झाला होता. त्रिंबकचं ते कार्ड आजही आमच्या पेटीत आहे. जाळायला कुणाचा हात धजत नाही... आणि पेटी उघडली की तेलाचा वास येतो.

हणमंत लोंढे आमच्या गावी, केमला, जेवता जेवता, हातात घास असताना वारला. कसलंही दुखणं नव्हतं. गुरुवार, तेवीस मे एकोणीसशे चौऱ्याहत्तर. दुपारी बारा चाळीस.