वहीत तसं नाही

जेवणाची सुट्टी झाली की सेटवर चिटपाखरू उरत नाही. दिवे बंद, एसी बंद, आणि सगळी पलटण डबे घेऊन बाहेर. त्या दिवशी वहीबाई मात्र एकटीच आत थांबली होती. काम साधंच होतं, पण दुसऱ्या कुणाला जमणारं नव्हतं. माईंची खुर्ची पूर्वी होती तश्शी लावायची.

वहीबाई म्हणजे मालिकेची कंटिन्युइटी बघणारी. कुठल्या शॉटमध्ये कप कुठल्या हातात होता, चष्मा नाकावर होता की कपाळावर, कोण कितीदा अडखळलं, सगळं ती वहीत टिपून ठेवायची. सेटवर वाद झाला की दिग्दर्शकापासून कपडेपटवाल्यापर्यंत सगळ्यांचं एकच, "वहीबाईंना विचारा." तिचं खरं नाव तिच्या ओळखपत्रावर होतं, बाकी कुठे नाही.

आणि माई या मालिकेतल्या आई. त्याआधी चाळीस वर्षं नाच आणि सिनेमा. गुडघे गेले तेव्हा नाच सुटला, सुरकुत्या कॅमेऱ्याला दिसायला लागल्या तेव्हा सिनेमा सुटला, आणि मग टीव्हीने त्यांना आई करून टाकलं. गेल्याच आठवड्यात त्या वारल्या. आज संध्याकाळी साडेसातला वाहिनीवर श्रद्धांजली होती आणि तिची सुरुवात रिकाम्या खुर्चीपासून होणार होती. कार्यक्रमाला नाव काय दिलं होतं माहितीये? 'विसरणाऱ्या आईला न विसरता'. मेलं कुणाला सुचतं असलं!

आता हे विसरणं आलं कुठून, ते ऐका. तीन वर्षांपूर्वीचा एक मंगळवार. आई आणि मुलगा वेगळे होतात तो प्रसंग, माई आणि हिरो समोरासमोर. समोरच्याने वाक्याचा शेवटचा शब्द दिला की आपली ओळ तोंडातून निघते, हे या धंद्यात नवख्यालाही ठाऊक असतं. हिरो सकाळीच पिऊन आला होता. तो दर वेळी वाक्य भलतीकडेच संपवायचा, आणि माई तोंड उघडून अडकायच्या. बघणाऱ्याला वाटायचं, बाईच विसरल्या. हळूहळू माईंनाही तसंच वाटायला लागलं. "थांबा हं, माझंच चुकलं. पुन्हा घेऊ," म्हणायच्या. असं सतरा वेळा झालं. संवादाची पानं वहीबाईच्या हातात होती, त्यामुळे चूक कुणाची ते तिला पहिल्याच वेळी कळलं होतं.

संध्याकाळी वाहिनीने विचारलं, दिवस वाया का गेला? दिग्दर्शक वहीबाईच्या कानाशी आला.

"हिरोचं नाव घालू नकोस. माईंच्या नावावर टाक. वय झालंय, कुणालाही खरं वाटेल. हिरो गेला तर मालिका बंद, मग तू कुठे आणि मी कुठे?"

तिने पान फाडलं आणि नवं लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात, 'माई ओळ विसरल्या. रीटेक सतरा.' पंधरा दिवसांत मालिकेतली आई मारून टाकली आणि तिचा फोटो भिंतीवर टांगला. खरी बाई घरी धडधडीत जिवंत होती आणि रोज संध्याकाळी टीव्हीवर स्वतःचा फोटो बघत होती. वहीबाईला वाईट वाटायचं का? वाटायचं तर. पण वाईट वाटतं म्हणून कुणी नोकरी सोडत नाही.

ती जुनी वही आज सकाळीच वाहिनीची माणसं मागून घेऊन गेली होती. कार्यक्रमात ते पान मोठं करून दाखवायचं होतं. वहीबाईने मुकाट्याने काढून दिली.

तर, खुर्ची. सेटवरच्या खिडक्या सगळ्या खोट्या, बाहेर म्हणून रंगवलेला पडदा, त्यामुळे भर दुपारीही आत मिट्ट काळोख. एकच कामाचा दिवा जळत होता. प्लायवूडचा आणि ताज्या रंगाचा वास नाकात बसला होता. वहीबाईने खुर्ची भिंतीपासून दोन वीत पुढे ओढली, पाठीवर शाल टाकली आणि थर्मासमधला चहा कपात ओतला.

"आत येऊ का?"

सेटचं दार उघडून एक बाई उभी होती. चाळिशी उलटलेली, केस काळेभोर, डाव्या खांद्यावर पिशवी. "मी माईंची लेक," ती म्हणाली.

लेक परगावी असते एवढंच वहीबाईने ऐकलं होतं, बघितलं कधी नव्हतं. "या ना, बसा. चहा घ्या, आत्ताच ओतलाय."

बाई स्टुलावर बसली. चहाचे दोन घोट घेऊन तिने कप खाली ठेवला.

"जास्त वेळ घेत नाही तुमचा. आई शेवटी शेवटी कुणाशी बोलायचीच नाही. विसरेन म्हणायची. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, मीठ, साखर. माझं नाव तळहातावर लिहून ठेवायची. डॉक्टर म्हणाले, डोकं ठणठणीत आहे, तर त्यांनाच वेड्यात काढलं तिने. म्हणाली, वहीबाईच्या वहीत आहे, ती खोटं लिहीत नाही." तिने वर बघितलं. "आज वाहिनीवाले सगळ्यांना तेच सांगणार. तुम्ही एक फोन केलात तर अजून थांबेल. मला एवढंच सांगा... त्या दिवशी आई चुकली होती का?"

वहीबाईने खुर्चीवरची शाल उगाच सारखी केली. एक फोन करायचा, आणि मग? खोटं लिहिलं म्हणून सांगायचं? बावीस वर्षांचं नाव एका वाक्यात मातीत घालायचं?

"हो," ती म्हणाली. "माईच विसरल्या."

"बरं," बाई म्हणाली. "मग आईला... मग..." तिचे ओठ हलत राहिले, शब्द फुटेना. "थांबा हं... जिभेवर आहे..."

वरच्या काळोखात कुठेतरी लाकडावर लाकूड आपटलं, शॉटआधी क्लॅपची पाटी आपटतात तसं. टक्.

सुतार आला असेल, असं वहीबाईला वाटलं.

"आत येऊ का?"

दारात बाई उभी. "मी माईंची लेक."

वहीबाईने आधी कपाकडे बघितलं. सवयच ती. दोन घोट कमी झालेला कप काठोकाठ भरलेला होता आणि वाफ येत होती. पिशवी आता उजव्या खांद्यावर होती. भांगात बोटभर पांढरं दिसत होतं, मघाशी नव्हतं. दुसऱ्या कुणाला हे कळलंही नसतं. वहीबाईला कळलं.

तेच बोलणं, मीठ, साखर, तळहात, आणि शेवटी तोच प्रश्न.

"मला... मला आठवत नाही," वहीबाई म्हणाली.

"बरं. मग आईला..." ओठ हलले, अडले. टक्.

पुढच्या खेपेला वहीबाई म्हणाली, थोडं दोघांचंही चुकलं. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाली, वरून सांगितलं तसं लिहिलं. एकदा पळायला गेली, तर दाराच्या कडीला हात लागायच्या आत टक्, आणि ती पुन्हा स्टुलासमोर. दर खेपेला बाईचे केस पांढरे होत चालले. चाल बदलली, गुडघ्यात दुखतं तशी झाली. मलमाचा वास आला, माई सेटवर यायच्या आधी यायचा तोच. आणि एका खेपेला बाई स्टुलावर बसलीच नाही. सरळ गेली आणि खुर्चीत बसली, शाल अंगावर ओढून घेतली.

"वहीबाई," ती म्हणाली. आवाज माईंचा होता. "तूच सांग गं. माझंच चुकलं होतं ना?"

वहीबाईला रडू फुटलं. भीतीचं होतं की लाजेचं, देव जाणे. पण एक गोष्ट तिला लख्ख कळली. आपण दर खेपेला शब्द भलताच देतोय, म्हणून यांची ओळ अडकतेय. त्या मंगळवारी झालं तेच. खरा शब्द दिला की बाई सुटेल. आणि आपणही सुटू.

"नाही, माई," ती हात जोडून म्हणाली. "तुम्ही एकदाही चुकला नाहीत. हिरो पिऊन आला होता. पान मी फाडलं. खोटं मी लिहिलं, माई... मी."

 मग माई हसल्या. या खेपेला त्या अडखळल्या नाहीत. समजूत घालावी तसं एकेक शब्द सावकाश उच्चारत त्या म्हणाल्या, "नाही गं. वहीत तसं नाही."

"माई, वहीच खोटी आहे!"

"असं बोलू नये. किती जपून लिहितेस तू." त्यांनी वहीबाईच्या हातावर थोपटलं. माईंचा हात बर्फासारखा होता. "म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून सांगतेस, कळतं मला."

टक्.

सगळे दिवे एकदम लागले. मंडळी जेवून परत आली होती. खुर्ची रिकामी होती. वहीबाई धावत दिग्दर्शकाकडे गेली आणि चारचौघांत ओरडली, "वही परत मागवा! मी खोटं लिहिलंय!"

 ज्याने ते लिहायला लावलं होतं त्याच दिग्दर्शकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"वहीबाई, माईंवर जीव होता तुझा, माहितीये आम्हाला. पण तू आणि खोटं? कुणाला तरी पटेल का?" मंडळी हळहळली. कुणीतरी पाणी आणून दिलं. तिने वाहिनीला फोन केला, तर तिकडची मुलगीही तेच म्हणाली, "ताई, तुम्ही आधी शांत व्हा बघू."

साडेसातला सगळे टीव्हीसमोर बसले. रिकामी खुर्ची आली, नाचतानाची तरुण माई आली, आणि मग पडदाभर ते पान आलं. 'माई ओळ विसरल्या. रीटेक सतरा.' हिरोने डोळे पुसले.

"हे खाली काय लिहिलंयस गं?" दिग्दर्शक पुढे वाकला. "आधी नव्हतं हे."

शेऱ्याच्या रकान्यात, तिच्या अक्षराखाली, आणखी एक ओळ होती. वहीबाईने ते थरथरतं अक्षर ओळखलं, माईंचं. शाई ओली होती, पडद्यावरही चमकत होती.

'तिला कुणी काही विचारू नका. ती खोटं लिहीत नाही.'