फळ्यावरचा क

"अठरा सेंटिमीटर," पाण्यात उभी धरलेली लाकडी पट्टी वाचत शंकासुर म्हणाला.

सुट्टीला मावशीच्या मत्स्यबीज केंद्रात आलेल्या ताईला आणि सतत शंका काढणाऱ्या तिच्या या भावाला पहिल्या टाकीपाशी बोलावलं होतं मावशीच्या लेकीने, खारीने. बोटभर लांबीचे दोन हजार मासे वर येऊन तोंडं उघडत होते. पाणी गडद निळं दिसत होतं. ही नवी जात तयार करायला मावशी दोन वर्षं खपली होती, आणि आज ती बैठकीला गेली होती. फोन बंद.

बदलीवर आलेल्या सुपरवायझरकाकांनी पेपरातून मान वर न करताच सांगितलं, की बुरशीचं औषध त्यांनी दहा मिनिटांपूर्वीच टाकलं, अगदी फळ्याबरहुकूम. फळ्यावर मावशीचं अक्षर होतं : औषध = ३ × क. त्याखाली, क = ४०. म्हणून एकशेवीस मिलिलिटर.

गुणाकार बिनचूक होता. चूक क मध्ये होती. क म्हणजे टाकीतल्या पाण्याची उंची. गेल्या आठवड्यात ती चाळीस होती. मासे मोजायला काल पाणी कमी केलं होतं. अठराला चोपन्न मिलिलिटर पुरलं असतं.

"क म्हणजे चाळीस," काका म्हणाले. "मी काय मनाने टाकलंय औषध?"

"काका, क हे चल आहे."

"चल? कुठे?"

खारीला एरवी हसू आवरलं नसतं. ताईने घाईघाईने सांगितलं, की चल म्हणजे बदलणारी संख्या, दर वेळी मोजून घालायची. काकांनी पेपर खाली ठेवला, एवढंच.

शंकासुराने विचारलं, थोडं पाणी सोडून दिलं तर? ताईने मान हलवली. उरलेलं पाणीही तेवढंच कडक राहणार. ती फळ्याकडे बघत राहिली. मग वळली.

"औषध एकशेवीसच राहू दे. आपण क वाढवू. तीन गुणिले क बरोबर एकशेवीस. पाणी चाळीसवर नेलं की झालं."

काका आडवे आले. औषध टाकल्यावर दोन तास पाण्याला हात लावायचा नाही, असा नियम होता.

"काका, फळ्यावरचं खरं ना?" खारीने विचारलं.

"अर्थात."

"मग फळ्यावर चाळीस आणि टाकीत अठरा कसं?"

काकांनी फळा पाहिला, टाकी पाहिली. मग स्वतःच जाऊन साठवणीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला.

बावीस. सत्तावीस. एकतीसला एक मासा उलटा झाला. खारीने डोळे मिटून घेतले. धार माशांवर पडू नये म्हणून काकांनी पाइप दोन्ही हातांनी भिंतीशी दाबून धरला होता. छत्तीस. चाळीस. व्हॉल्व्ह बंद.

आता फक्त वाट पाहायची. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग एक मासा खाली गेला. मग चार. मग वरचं पाणी रिकामं झालं.

दुपारी मावशी आली. काकांनी काही न लपवता सगळं सांगितलं. मेलेले मासे सात होते. मावशीने ते स्वतः मोजले आणि ती खाली बसली.

"गेल्या आठवड्याचा आकडा मी पुसायला हवा होता," ती म्हणाली. "माझी दोन वर्षं तुम्ही वाचवलीत, पोरांनो."

दुसऱ्या टाकीचं औषध अजून बाकी होतं. मावशीने मापाचं भांडं ताईच्या हातात दिलं. पट्टी घेऊन काका आधीच टाकीशी वाकले होते.