सदतीस मिनिटांचं रेकॉर्डिंग

"मॅडम, हाऊ मेंदू शे का?"

मी नळाखाली प्लास्टिकचा मेंदू धूत होते. लोणखेड्याच्या आमच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेआधी सगळी मॉडेल्स धुऊन ठेवायची असतात. जीवशास्त्राची शिक्षिका मीच, आणि पुष्कळदा शिपाईही मीच. वळून पाहिलं तर दारात उन्हानं रापलेला एक उंच तरुण, हातात बहिणीचा परीक्षेचा फॉर्म.

"हो, मेंदूच आहे. का?"

"त्यामां बदाम कोठे ऱ्हास?"

मला हसू फुटलं. तो मात्र हसला नाही. त्याचे कान लाल झाले. मग मीही गंभीर होऊन मेंदूचे दोन्ही भाग उघडले आणि आतला इवलासा तांबडा ठिपका दाखवला. "हा. अमिग्डाला, बदामाच्या आकाराचा. धोका जाणवला की हा घंटा वाजवतो."

तो वाकून कितीतरी वेळ बघत राहिला. "इतलासा?" तो पुटपुटला. "इतलासानी माले तीन वरीस झोपू दिधं नई?"

त्याचं नाव नवनीत. कोरीटचा; केळी आणि कापूस करणारा. माझ्या वर्गातल्या दामिनीचा मोठा भाऊ. तीन वर्षांपूर्वी विहीर खोल करताना कडेची माती ढासळली आणि तो छातीपर्यंत गाडला गेला. सहा तास! शेजारी गिरधर होता, त्याच्या शेतात काम करणारा. गिरधरचा पाय मोडला. दोघंही जिवंत निघाले. पण तेव्हापासून ओल्या मातीचा वास आला की नवनीतची छाती आवळायची, हात थरथरायचे.

"शेतकऱ्याला मातीचा वास सोसत नाही," तो म्हणाला, "हे सांगायचं तरी कोणाला?"

शेवटी त्यानं सांगितलं ते शहाद्याच्या शीलाताईंना. त्या मानसोपचार करायच्या. दर गुरुवारी तो त्यांच्याकडे जायचा, आमचं कॉलेज वाटेवरच. बदामाचं त्यांनीच सांगितलं होतं.

पुढच्या गुरुवारी तो परत आला. फॉर्म तर भरून झाला होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी केळ्यांची फणी घेऊन आला.

"मेंदूसाठी आणली."

"मेंदू प्लास्टिकचा आहे."

"तुम्हना नई ना!"

मी फणी ठेवून घेतली… आणि त्याला बसायला स्टूल दिलं.

तो प्रश्न विचारायचा आणि मी रात्रंदिवस वाचून उत्तरं शोधायची. एकदा त्यानं विचारलं, "उपचारानं आठवण पुसली जाते का?"

"नाही. ती राहते. पण तिच्या शेजारी दुसरी आठवण येऊन बसते… की ते सांगितलं, ऐकलं, आणि काही वाईट झालं नाही. हळूहळू ती शेजारीण मोठी होते."

"शेजारीण—" तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. "चांगली शे का?"

"कोण?"

"आठवण, मॅडम. आठवण."

डिसेंबरात तो फोन हातात फिरवत आला. शीलाताई त्याला डोळे मिटून विहिरीतलं सगळं सांगायला लावायच्या, जणू आत्ताच घडतंय असं. ते रेकॉर्ड व्हायचं, आणि घरी रोज ऐकायचं.

"सदतीस मिनिटं आहे. दोन मिनिटांवर माझा हात आपोआप बंद करतो." तो थांबला. "विश्वासाचं माणूस शेजारी असलं तर सुरुवातीला चालेल, म्हणाल्या. मग मी… तुमचं नाव सांगितलं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"हसल्या."

आम्ही मैदानाच्या कडेला कडुलिंबाखालच्या बाकावर बसलो. एक इयरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. येणारी-जाणारी पोरं बघून खाकरायची, प्रेमाची गाणी गुणगुणायची. आणि माझ्या कानात त्याचा तुटक आवाज… दोर, माती, आई, अंधार, पुन्हा दोर. कशाला काही क्रम नाही, मध्ये मध्ये नुसता श्वास. त्याचा हात धरावासा वाटला. मी बाकाची कड धरली.

ऐकून संपलं तेव्हा तो घामानं चिंब होता. "बंद नाही केलं," तो म्हणाला. एवढंच.

मग प्रत्येक गुरुवार लिंबाखालीच. जानेवारीत एकदा माळ्यानं शेजारच्या वाफ्यात पाणी सोडलं. वास आला आणि नवनीत पांढराफटक पडला.

"माझ्याकडे बघा. कुठे आहात?"

"लो… लोणखेड्यात."

"वार कोणता?"

"गुरुवार."

"शेजारी कोण आहे?"

त्यानं डोळे उघडले. पहिल्यांदा मॅडम न म्हणता म्हणाला, "भूमिका."

त्या दिवशी तास घेताना मी पचनसंस्थेऐवजी श्वसनसंस्था शिकवून आले.

फेब्रुवारीपर्यंत नव्या रेकॉर्डिंगमधला आवाज बदलला होता. सकाळचे दहा वाजले होते, असं तो आता सांगायचा. कोण कुठे उभं होतं, आधी काय झालं, मग काय झालं. एकदा मध्येच आलं, "गिरधर म्हणाला, बाहेर निघालो तर पहिली बिडी तू पाजायची." नवनीतनं रेकॉर्डिंग थांबवलं आणि हसतच सुटला. "इतले वरीस हाई मी इसरीच गयथू!"

मी सांगू लागले… कपाळामागचा मेंदू आता त्या घंटेला आवरायला शिकतोय, आठवणीला तारीख आणि जागा मिळतेय. बऱ्या झालेल्या पुष्कळांच्या मेंदूच्या तपासण्यांत असा फरक दिसलाय. सगळ्यांत नाही, पण पुष्कळांत.

"मन्हा मेंदूना फोटो काढानी गरज नई," तो म्हणाला. "तुम्ही ऐकी ऱ्हायन्यात ना."

बातमी घरी पोहोचलीच. प्रमिलाबाईंनी, माझ्या आत्यानं, आम्हाला एकेक इयरफोन लावून बसलेलं पाहिलं होतं. बाबा, हिंमतराव, जेवता जेवता थांबले. "कोरीटना तो? डोकाना डॉक्टरकडे जास तो?" आई फक्त एवढंच विचारत होती, "कोणतं गाणं ऐकतस गं?" काय सांगणार तिला!

मार्चअखेरीला, एका सोमवारी, तो कमरेपर्यंत चिखलानं माखून प्रयोगशाळेच्या दारात उभा.

"उतरनू," तो धापा टाकत म्हणाला. "गिरधरसंगे. विहिरीच्या तळापर्यंत. हात थरथरनात… पण उतरनू."

मी स्टूल पुढे सरकवलं. मग तो बोलला, आता सावकाश. "भूमिका, उपचार संपत आलेत. गुरुवारी यायला कारण उरणार नाही. मला कारणाशिवाय यायचंय… रोज. चालेल?"

तेवढ्यात तासाची घंटा झाली, पोरी आत घुसल्या, आणि माझं उत्तर ओठांवरच राहिलं. "तुमच्या वडिलांना भेटतो," जाता जाता तो म्हणाला. "काही लपवणार नाही."

मधले दोन गुरुवार परीक्षांच्या गडबडीत गेले; अकरा दिवसांनी तो आमच्या घरी आला. ओसरीवर बाबांसमोर बसून त्यानं विहिरीपासून सगळं सांगितलं. आवाज एकदाच कापला. तो थांबला, श्वास घेतला, पुढे सांगितलं. मी दाराआड उभी.

"आते बरा व्हयना का?" बाबांनी विचारलं.

"बराच. पुरा नई."

"अन् लगननंतर परत व्हयनं ते?"

"व्हई बी. लपवसू नई. परत उपचार लिसू."

बाबांनी दाराकडे पाहिलं. मग त्यांनी मला हाक मारली. "भूमिका, तुन्हं काय म्हणनं शे?"

घरातलं काही ठरवताना बाबांनी मला असं कधीच विचारलं नव्हतं. मी मोठं उत्तर तयार केलं होतं, संशोधनाचं, आकड्यांचं. ते बाजूला ठेवलं.

"माले हाऊच जोयजे, बाबा."

नवनीतनं झटकन मान वर केली. त्यालाही माझं उत्तर आत्ताच कळत होतं. आईनं तोंडाला पदर लावला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठता उठता म्हणाले, "मंग उभी काब्रं? त्याले जेवाले वाढ."

मी ताट घेतलं. माझेच हात थरथरत होते. त्यानं खालून ताटाला हात लावला, क्षणभर तसाच धरून ठेवला, आणि अगदी हळू म्हणाला, "सावकाश… मी आठेच शे, शेजारी."