कडेला मिटलेलं पॅनेल

समुद्रपूरहून वर्ध्याला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत बसल्या बसल्या मी सॉफ्टवेअर कंपनीचा मदतीचा नंबर लावला, आणि फोन वाजला तो माझ्या पुढच्याच सीटवर.

"हॅलो, बोला—" पुढचा मुलगा म्हणाला. एकच आवाज माझ्या कानातही, समोरही.

एरवी मला हसू आलं असतं. पण मी वर्ध्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, आणि आदल्या संध्याकाळी आमच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आल्यापासून पेशंटांचे जुने रिपोर्ट दाखवणारं पॅनेल स्क्रीनवर दिसत नव्हतं. मीच काहीतरी भलतं दाबलं, पाच वर्षांचे रिपोर्ट पुसले गेले, असं मनानं घेतलं होतं. लॅबच्या मॅडमना अजून सांगितलं नव्हतं.

तो मागे वळला. कपाळावर केस, डोळे झोपाळू.

"तुमीच बोलून राह्यल्या का?"

"हो. अन् आमचं पॅनेल तुमीच गायब केलं का?"

"बहुतेक मीच," तो ओशाळून म्हणाला. "मी निकेश. हे सॉफ्टवेअर मीच पाहतो, घरूनच, समुद्रपूरले. आज वर्ध्यालेच चाललो... येऊन पाहू का?"

लॅबमध्ये त्यानं माझी खुर्ची घेतली नाही. शेजारी उभा राहिला.

"माऊस तुमीच धरा. उजव्या कडेले बारीक पट्टी आहे ना? तिच्यावर न्या."

मी नेला. जुन्या रिपोर्टांचं पॅनेल अलगद सरकत बाहेर आलं. सगळे होते, पाचही वर्षांचे. माझे डोळे भरून आले, म्हणून मी चष्मा पुसायला घेतला. ते त्याला दिसलं असावं. तो उगाच भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिला.

"आता पॅनेल आपोआप मिटून कडेले जाते," तो थोड्या वेळानं म्हणाला. "ही पिन दाबली की जागचं हलत नाई."

मग त्यानं पॅनेल ओढायला शिकवलं. ते कुठे बसणार, हे आधीच निळ्या सावलीनं दिसायचं. आपली मांडणी नाव देऊन जपूनही ठेवता यायची.

"नाव काय?"

"मांडणीचं?"

"तुमचं... या निमित्तानं."

"वर्षाली," मी म्हणाले, आणि तेच टाईप केलं.

त्यानंतर तो दर गुरुवारी वर्ध्याला यायचा, आणि नेमकं तेव्हाच माझं काही ना काही अडायचं. काही अडचणी खऱ्या होत्या.

"पिन कोनं काढली?" एकदा त्यानं विचारलं.

"निघाली असन आपोआप."

"आपोआप निघत नाई ते," तो हसला, पण रागावला नाही. त्या दिवशी आम्ही दोनदा चहा प्यायलो.

मग जानेवारीत तो दोन आठवडे आलाच नाही. फोन कुणी दुसऱ्यानंच उचलला. निकेश पुण्याला मुलाखतीला गेलाय म्हणे. माझी सगळी पॅनेलं जागच्या जागी होती, त्यामुळे पुन्हा फोन करायला कारणच उरलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, तो दारात उभा.

"नवं व्हर्जन आलं," म्हणाला, आणि सांगत सुटला... पॅनेल दुसऱ्या स्क्रीनवर नेता येईल, मांडणी बिघडली तर आधीची परत आणता येईल. मी नुसती मान हलवत होते.

"अजून काही नवीन?"

"आहे... पुण्याची नोकरी लागली होती. मी नाई म्हटलं."

"काऊन?"

"तिथं तुमी नाई." त्याची नजर कीबोर्डवर होती. "मले तुमी आवडता, वर्षाली. तुमाले तसं नसन, तर सांगून द्या... मी दुसऱ्या कोनाले पाठवत जाईन."

इतकं हलकं मला ते रिपोर्ट सापडले तेव्हाही वाटलं नव्हतं.

"दुसरं कोनी नको," मी म्हणाले. "रविवारी आईबाबा घरीच असतात. येजो."

त्यानं मान वर केली. त्या 'येजो'त मी पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हटलं होतं, आणि ते त्याला नेमकं ऐकू आलं होतं.

"किती वाजता येऊ?" त्यानं हळूच विचारलं. "तू सांगशील तेव्हा येतो."