मागचं डावं चाक

बातमी आली त्या दिवशी मी पडदे धुवायला काढले होते. सकाळचे साडेदहा झाले असतील. टेबलावर भूगोलाच्या पुस्तकाची प्रुफं पडली होती. ती दुपारपर्यंत तपासून द्यायची होती. मुद्रितशोधनाचं काम मी बावीस वर्षं करते आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. फोन वाजला तेव्हा माझे हात साबणाचे होते, म्हणून मी तो पहिल्यांदा घेतला नाही. दुसऱ्यांदा घेतला.

पलीकडचा माणूस सभ्य होता. त्यानं आधी मला बसायला सांगितलं आणि मग सांगितलं, की उताराच्या वळणावर नवऱ्याच्या गाडीचं मागचं डावं टायर फुटलं, आणि गाडी कठड्यापलीकडे गेली.

मागचं डावं, एवढं मी ऐकलं. बाकीचं मला नंतर इतरांनी सांगितलं.

आता आदल्या दिवसाचं सांगायला हवं. मी ते कुणालाच सांगितलेलं नाही.

आमच्या जुन्या गाडीत एक पिवळा दिवा होता. टायरात हवा कमी झाली की तो लागायचा. कुठल्या टायरात कमी आहे, किती कमी आहे, ते कळायचं नाही, नुसता दिवा. आदल्या दिवशी गाडी माझ्याकडे होती. नवरा म्हणाला होता, "उद्या मला लांब जायचंय. दिवा लागलाय, येताना हवा भरून आण. विसरशील, मला माहितेय."

"मी कधी विसरले?"

"पुन्हा पहिल्यापासून यादी सांगू का?" असं म्हणून तो हसत निघून गेला होता.

मी विसरले नाही. घराजवळ, वळणावरच्या पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर गाडी नेलीही. पुढे तीन गाड्या होत्या. ऊन मी म्हणत होतं आणि घरी प्रुफं वाट बघत होती. मला एक गोष्ट माहीत होती: हवा भरून झाली की नवरा स्टिअरिंगखालचं एक बटण तीन सेकंद दाबून धरायचा, दिवा दोनदा उघडझाप करायचा आणि विझायचा. मी गाडीतून उतरले नाही. ते बटण दाबून धरलं. दिवा विझला. मी गाडी वळवून घरी आले.

ती गाडी हवा मोजतच नव्हती, हे मी नंतर माहितीपुस्तिकेत वाचलं. बटण दाबताना टायरात जेवढी हवा असेल तेवढीच बरोबर आहे, असं ती धरून चालायची. म्हणजे मी दिवा नुसता विझवला नव्हता. कमी हवा हीच पुरेशी हवा आहे, असं मी तिला शिकवलं होतं.

संध्याकाळी त्यानं विचारलं, "हवा भरलीस?"

"हो."

"कुणाकडे?"

"वळणावरच्या पंक्चरवाल्याकडे."

त्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायची गरजही नव्हती. 'भरली रे बाबा' म्हणून मी आत जाऊ शकले असते.

निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारून प्रत्येक टायरला बुटाच्या टोकानं लाथ मारायची, ही त्याची जुनी सवय. पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं. ठप्, ठप्, ठप्, ठप्. मुलगी त्याला चिडवायची, "बाबा, गाडी आहे, घोडा नाही." त्या सकाळी मी त्याला सोडायला तळघरातल्या पार्किंगपर्यंत गेले होते. चौथ्या चाकापाशी तो थांबला. लाथ मारली. पुन्हा मारली. मग माझ्याकडे बघितलं.

"काल भरलीस ना?"

"किती वेळा विचारशील?" मी म्हटलं.

तो गाडीत बसला. त्याच्या पायाला कळलं होतं, याची मला खात्री आहे. त्यानं पायाचं ऐकलं नाही, माझं ऐकलं.

दिवसकार्य झाल्यावर माझा दीर समोर येऊन बसला. धाकटा असला तरी भावाला बापासारखा मानायचा. म्हणाला, "वहिनी, वाटेतून दादाचा मला फोन आला होता. म्हणाला, हिनं कालच वळणावरच्या पंक्चरवाल्याकडून हवा भरून आणलीय, गाडीची काळजी नाही."

माझं खोटं मेलेल्या माणसाच्या तोंडून परत आलं होतं. मला काहीच बोलावं लागलं नाही.

दीर दोन मित्रांना घेऊन दुकानावर गेला. त्यांनी हवा भरायचा कॉम्प्रेसर फोडला. पंक्चरवाल्याचं उजवं मनगट मोडलं. बाई आल्याच नव्हत्या, असं तो ओरडत होता म्हणे. मग त्याला ओढत आमच्या दारात आणलं. हात छातीशी धरून तो उंबऱ्याबाहेर उभा होता. चेहरा घामानं भिजलेला.

"सांग आता वहिनींसमोर!" दीर म्हणाला.

त्यानं दिराकडे बघितलंच नाही. मला विचारलं, "ताई, त्या दिवशी तुम्ही आला होतात का?"

मी आत निघून गेले. स्वयंपाकघरात गॅसवर दूध होतं, ते उतरवलं.

दुकान आठवड्याभरात बंद झालं.

वर्षानं मुलीला नोकरी लागली आणि तिच्या हट्टानं नवी गाडी आली. या गाडीच्या पडद्यावर चारही चाकांची हवा आकड्यांत दिसते. प्रत्येक चाकात सेन्सर असतो, तो सांगतो. तेहतीस, तेहतीस, तेहतीस, तेहतीस. पहिले सात दिवस असेच गेले. आठव्या दिवशी मी एकटीच बँकेत निघाले होते. गाडीत बसले, दार लावलं, किल्ली अजून हातातच होती. तळघरात ओल्या सिमेंटचा वास असतो, त्या दिवशी त्यात तापलेल्या रबराचा वास मिसळलेला होता.

ठप्. पुढे डावीकडे.

ठप्. पुढे उजवीकडे, माझ्या पायांपाशी.

ठप्. मागे उजवीकडे.

मी वाट बघत राहिले. चौथा आवाज आला नाही.

आरशात कुणी नव्हतं. गाडी सुरू केली तर पिवळा दिवा लागला होता. तेहतीस, तेहतीस, तेहतीस. मागच्या डाव्या चाकासमोर एकोणीस.

सर्व्हिस सेंटरमध्ये हवा मोजायच्या गेजनं मोजलं, हवा तेहतीस भरली. सेन्सर बदलला. पाच दिवसांनी पुन्हा तीनदा ठप्, पुन्हा दिवा, आकडा सतरा. मग त्यांनी मागचं डावं चाक काढून पुढे लावलं, पुढचं मागे. जागा बदलल्याची गाडीत नोंदही केली. सेन्सरमध्ये दोष असता तर आकडा चाकाबरोबर पुढे गेला असता. तो तिथेच राहिला, मागे डावीकडे. चौदा.

तिथला सुपरवायझर बोलका होता. "मॅडम, मी तीन दिवस चालवली, एकदाही दिवा नाही. तुम्ही बसलात की लागतो. गाडी तुमच्यावर रुसलीय!" तो हसला. मीही हसले. मुलगी चालवायची तेव्हाही दिवा लागत नसे. "आई, तुझा धसका आहे तो," ती म्हणायची. "तू बसतेसच घाबरून." पण आकडे मी मनानं लावत नव्हते. अकरा झाले. मग नऊ.

शेवटी मी पंक्चरवाल्याचा शोध घेतला. का, ते नीट सांगता येत नाही. त्या चाकाबद्दल खरं माहीत असलेला तो एकटाच माणूस उरला होता.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, गाड्या धुण्याच्या एका जागी तो फडकं मारत होता. उजवा हात मनगटापाशी वाकडाच बसला होता. मला बघून त्यानं फडकं पिळलं, बादलीच्या कडेवर टाकलं आणि काही न विचारता मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला. मी कुठलं चाक ते सांगितलं नव्हतं.

खिशातून जुनं गेज काढून त्यानं डाव्या हातानं लावलं. "तेहतीस. हवा पुरी आहे, ताई."

"पडद्यावर नऊ दाखवतंय."

"दाखवणारच." तो उठला. गुडघे झटकले. "साहेब येऊन गेले परवा."

मला वाटलं, तो दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय. "कोण साहेब?"

"तुमचे. दुपारचे आले होते... मी पाइप गुंडाळत होतो. गाडी नव्हती, चालतच आले. बूट धुळीनं भरलेले."

पाण्याच्या पाइपातून थेंब पडत होते. कुठेतरी व्हॅक्यूमचं यंत्र चालू होतं ते थांबलं.

"काय... काय म्हणाले?"

"तुम्ही त्या दिवशी आला होतात का, एवढंच विचारलं."

"मग तुम्ही?"

"दुकानावर ओरडून सांगितलं होतं तेच सांगितलं. अजून किती वेळा सांगायचं मी?" त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "ते म्हणाले, 'तू म्हणतोस ते असेल. पण मी तिला विचारणार. ती जे सांगेल ते मी खरं धरतो. पहिल्यापासून धरत आलो.'"

त्यानं गेज फडक्यानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे ठेवा. मला आता याचा उपयोग नाही. दिवा लागला तर यानं बघा. नाही लागला तरी बघा. आणि ताई... ते विचारतील तेव्हा सांगून टाका."

"दिरालाही सांगेन," मी म्हटलं. "तुमचं दुकान..."

"सांगा तर आधी," तो म्हणाला, आणि पुढच्या गाडीकडे वळला.

मी खरंच सांगणार होते. चारच दिवसांनी दीर जेवायला आला. मुलीला कामासाठी दुसऱ्या दिवशी लांब जायचं होतं, त्याच रस्त्यानं. उताराच्या त्या वळणाची गोष्ट तिघांच्याही मनात होती आणि कुणीच ती काढत नव्हतं. मुलगी हात धुवायला उठली तेव्हा मी म्हटलं, "भाऊजी, त्या दिवशीच्या हवेचं..."

"नको वहिनी. जुनं उगाळू नका." त्यानं पाण्याचा पेला बाजूला सारला. "त्या माणसाचं मनगट मोडलं, त्याचं मला काही वाटत नाही. रात्री शांत झोपतो. हां, तो खरं बोलत असता, तर मात्र मला तोंड दाखवायला जागा उरली नसती." आणि मग, "तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

"काही नाही. भात वाढू?"

"थोडासा."

मुलगी आतून ओरडली, "आई, उद्या दुपारी गाडी तुझ्याकडेच आहे ना? मी परवा पहाटे निघेन. हवा भरून ठेव हं!"

"उद्या निघणार होतीस ना?"

"एक दिवस पुढे गेलं. तुझं लक्ष कुठे असतं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तळघरात गेले. गाडीत बसले. तीनदा ठप् ऐकलं. गाडी सुरू केली. आकडा दोन होता. कुठल्याही पंपावर जाता आलं असतं, पाच मिनिटांचं काम. पण गेज लावलं की तेहतीस दिसणार, पडद्यावर दोन राहणार, आणि तो दिवा विझवायला मला एकच गोष्ट कबूल करावी लागणार होती. ती बोलायची कुणाला? पंधरा मिनिटं बसले आणि वर आले.

निघायच्या सकाळी मुलगी गाडीत बसली होती. मी तिच्या खिडकीपाशी होते, हात मागच्या दारावर टेकलेला. तिनं गाडी सुरू केली.

"अरेच्चा, खरंच लागतो की हा!" ती पडद्याकडे झुकली. "मागचं डावं... शून्य? शून्य कसं असेल? आई, काल हवा भरलीस ना?"

तापलेल्या रबराचा वास आला. ती आपली पडद्याकडे बघत होती. माझ्या पाठीमागे, अगदी जवळ, कुणीतरी उत्तराची वाट बघत श्वास धरून उभं होतं. ही सवय मी ओळखते. उत्तर येईपर्यंत तो श्वास सोडायचा नाही.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"हो," मी म्हटलं.

"कुणाकडे?"

मुलीचे ओठ हलले होते. आवाज तिचाच होता का, ते मी आजही सांगू शकत नाही.

"नेहमीच्या पंक्चरवाल्याकडे."

माझ्या मानेवर कुणीतरी श्वास सोडला. मग दारावर टेकलेल्या हाताला खालून हादरा बसला. ठप्. चौथा.

"गेला बघ दिवा!" मुलगी म्हणाली. "तेहतीस. आपोआप गेला. उगाच घाबरवतेस तू." तिनं आरसा नीट केला. "आई, चाकाला लाथ मारलीस का आत्ता? अगदी बाबांसारखी!"

ती गेली आणि संध्याकाळी सुखरूप परत आली. त्याला आता सात आठवडे झाले. नोकरीसाठी ती आठवड्यातून तीनदा त्या रस्त्यानं जाते. दिवा पुन्हा कधीच लागलेला नाही, मी बसले तरी नाही. चारही आकडे तेहतीस. पंक्चर झालं, पहाटे थंडी पडली, दुपारी ऊन तापलं, तरी तेहतीसच. सर्व्हिस सेंटरमधला सुपरवायझर म्हणाला, गाडी सुधारली.

मागच्या आठवड्यात मुलगी जेवताना सहज म्हणाली, उताराच्या वळणावर गाडी जरा डावीकडे ओढते.

गेज स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात आहे. ते चाक मी अजून तपासलेलं नाही.